करुणाच्या अलीकडे : असाध्य आजार, रती आणि दया

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ शृंगार यांत केलेला भेद वरवर पाहता निव्वळ वर्गीकरणाचा वाटतो. दोहोंतही चिंता आहे, अश्रू आहेत, ग्लानी आहे. तरीही विप्रलंभ सापेक्ष आहे, कारण त्यात पुनर्मीलनाची अपेक्षा शिल्लक असते. करुण निरपेक्ष आहे, कारण तेथे ती अपेक्षाच मावळलेली असते. म्हणजे रती कोठे संपते आणि शोक कोठे सुरू होतो हे दुःखाच्या तीव्रतेवरून ठरत नाही. ते भावी काळाशी असलेल्या नात्यावरून ठरते. असाध्य कर्करोगासह जगणाऱ्या व्यक्तीच्या कामजीवनाचा विचार करू लागताच हा भेद अपुरा पडतो. येथे दीर्घ भविष्याची आशा उरलेली नाही. परंतु विरहही घडलेला नाही. प्रिय व्यक्ती शेजारी आहे, स्पर्शाच्या टप्प्यात आहे. या अवस्थेला सापेक्ष म्हणावे की निरपेक्ष?

लोकव्यवहार या प्रश्नाचे उत्तर फारसा विचार न करता देतो. रोग असाध्य ठरला की रुग्णाभोवती करुणाची सामग्री जमू लागते. भेटायला येणारे आवाज खाली आणतात, घरातील निजण्याच्या जागा बदलतात, जोडीदाराचे रूपांतर शुश्रूषा करणाऱ्यात होते. उपचारांचे परिणाम खरे आणि कठोर असतात : ओटीपोटावरील किरणोपचारांनी योनिमार्ग कोरडा व अरुंद होतो, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगातील संप्रेरक-उपचारांनी कामेच्छाच मंदावते, वेदनाशामक अफूजन्य औषधे थकव्यात भर घालतात. परंतु देहाची क्षमता उणावणे ही एक गोष्ट आणि त्या देहाला इच्छेचे अधिष्ठान मानणेच सोडून देणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट होय. पहिली रोगाने घडते, दुसरी माणसांनी. सिसली साँडर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले, आणि 1986 मध्ये मुंबईत शांती आवेदना सदन सुरू झाल्यावर भारतातही या विचाराला संस्थारूप मिळाले. साँडर्स यांच्या ‘समग्र वेदने’च्या संकल्पनेत शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी चार अंगे आहेत. ही दृष्टी अतिशय उदार आहे. तरीही तिच्यात कामभावनेला स्वतंत्र नाव नाही. वेदना समग्र असू शकते हे मान्य झाले. सुखाची इच्छाही तशीच समग्र असू शकते, हे मात्र अध्याहृतच राहिले.

या मौनाला काव्यशास्त्रातही एक समांतर सापडते. शृंगार आणि करुण यांचा विरोध साहित्यशास्त्राने मानलेला आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात विरोधी रसांच्या सहवासाची वाट दाखवताना महाभारताच्या स्त्रीपर्वातील प्रसंग घेतला आहे. रणभूमीवर पडलेला भूरिश्रव्याचा तुटलेला हात पाहून त्याच्या स्त्रीला त्याच हाताच्या प्रणयक्रीडा आठवतात. येथे शृंगार करुणाचे अंग होतो आणि शोक अधिकच गडद करतो. विवेचन मार्मिक आहे. पण त्याची अट विसरता येत नाही. तो हात तुटलेला आहे. शृंगाराला प्रवेश मिळाला आहे तो केवळ स्मृती म्हणून. असाध्य आजारी माणसाच्या बाबतीत समाज नेमके हेच करतो. जो हात अजून उबदार आहे, जो अजून मागू आणि देऊ शकतो, त्याच्याकडे तो तुटलेला असल्यासारखे पाहतो. नैतिक दोष आहे तो या अकालीपणात. शोक करणे चूक नव्हे. जिवंत माणसाला त्याच्या समोरच आठवण करून टाकणे ही हिंसा आहे, मग ती कितीही हळुवार असो.

ब्रिटिश तत्त्वज्ञ जिलियन रोज यांचे ‘लव्ह्ज वर्क’ हे आत्मपर पुस्तक 1995 साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अंडाशयाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पोटावर उघडलेल्या मलमार्गाविषयी या पुस्तकात ज्या निःसंकोच स्पष्टतेने लिहिले आहे, त्याच स्पष्टतेने प्रेमसंबंधांविषयीही लिहिले आहे. बीभत्स आणि शृंगार यांना वेगवेगळ्या दालनांत ठेवण्यास ही संहिता नकार देते. त्याहून महत्त्वाचा आहे तो तिच्यातील विचार : प्रेमात लोकशाही नसते; प्रत्येक जण दुसऱ्याच्या सत्तेखाली असतो आणि म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याच्या दयेची गरज असते. येथे ‘दया’ या शब्दाचा अर्थच पालटतो. रुग्णावर केली जाणारी दया एकमार्गी असते. ती करणारा सुरक्षित राहतो. प्रेमातील दया परस्पर असते. तीत निरोगी जोडीदारही दुखावला जाऊ शकतो, नाकारला जाऊ शकतो. मरणोन्मुख व्यक्तीकडून हिरावून घेतले जाते ते प्रामुख्याने सुख नव्हे, तर दुसऱ्याला घायाळ करण्याचे आणि दुसऱ्यावर दया करण्याचे सामर्थ्य.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. आजारी माणसाच्या इच्छेला मान्यता देणे म्हणजे जोडीदाराच्या देहावर त्याचा हक्क प्रस्थापित करणे नव्हे काय? विशेषतः जेथे सेवा हा पत्नीधर्म मानला गेला आहे, तेथे ही मान्यता स्त्रीवरील आणखी एक ओझे ठरू शकते. जे हात जखम धुतात त्यांनीच रात्री आसक्त व्हावे, ही अपेक्षा क्रूर आहे. परंतु परस्परतेचे तत्त्व स्वीकारले तर याचे उत्तर त्याच तत्त्वातून मिळते. इच्छा मान्य करणे म्हणजे ती पुरवणे नव्हे. कीव येऊन दिलेला होकार रुग्णाला पुन्हा करुणाच्या आलंबनातच ढकलतो. उलट प्रामाणिक नकारात समोरचा माणूस अजून नकार पेलू शकणारा, म्हणजेच पूर्ण माणूस, मानलेला असतो. जेथे नकार उच्चारता येतो तेथेच होकाराला अर्थ असतो, आणि हे मृत्यूच्या सान्निध्यातही बदलत नाही.

तेव्हा सापेक्ष-निरपेक्षतेच्या चौकटीत या अवस्थेचे स्थान पुन्हा ठरवावे लागेल. अपेक्षा ही पुनर्मीलनाचीच असली पाहिजे असे नाही. ती उद्याच्या सकाळचीही असू शकते, किंवा दिवा मालवल्यानंतर पाठीवर टेकणाऱ्या तळव्याची. एवढ्या तोकड्या काळावर रती उभी राहू शकते काय, हा प्रश्न काव्यशास्त्राला नवा आहे. आजाराच्या आत्मकथनांतून धैर्य आणि शोक एवढेच वेचणाऱ्या समीक्षेने मात्र तो विचारण्याआधीच शोकाच्या बाजूने निकाल दिलेला असतो.