आक्षेप नाही, म्हणजे काय?

अंबरनाथ-बदलापूरहून सकाळची लोकल पकडून मुंबईच्या बँकांत जाणाऱ्या एका पिढीने कॉम्प्युटरला उघड विरोध केला होता. यंत्र आले की नोकरभरती थांबणार, ही भीती युनियनच्या सभांत मोठ्याने बोलली जाई. बोलली गेली, म्हणूनच तिच्यावर वाटाघाटी होऊ शकल्या. सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. यंत्रांवर मर्यादा आल्या, नोकरकपात होणार नाही असे ठरले, यंत्रावर बसणाऱ्याला भत्ता मिळाला. १९९३ च्या कराराने संगणकीकरणाची वाट आणखी मोकळी केली. आज त्या शाखांत जाड लेजर शोधूनही सापडत नाही.

अलीकडे कार्यालयात नवी प्रणाली येते तेव्हा असे भांडण होत नाही. प्रशिक्षणाला सगळे येतात, सह्या करतात, चहा घेतात. जुने रजिस्टर मात्र ड्रॉवरमध्ये जिवंत राहते. आधी त्यात नोंद, मग सवडीने कॉम्प्युटरवर एन्ट्री. साहेबांचा पासवर्ड कंत्राटी ऑपरेटरला पाठ असतो. खिडकीवर उत्तर ठरलेले: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ आणि आतल्या आत दिलासा असतो, साहेबांची बदली झाली की हेही जाईल.

या मुकाट्याने चाललेल्या विरोधात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. फाइल कुठल्या टेबलावर अडली आहे हे स्क्रीनवर दिसू लागले, की ते फक्त आपल्यालाच ठाऊक असण्याचा भाव उतरतो. हे नुकसान कुणी सभेत मांडू शकत नाही. दुसरी गोष्ट, म्हणजे कामातली खरी अडचण, मांडता येते, पण ती कुणी विचारत नाही. उल्हासनगरचेच पाहा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये तिचे शहर झाले. पत्ते अजून कॅम्प आणि बॅरेकच्या क्रमांकाने सांगतात. बॅरेकीतल्या एका खोलीच्या दोन झाल्या, वर मजला चढला, वाटण्या झाल्या. असा गुंता जुन्या कारकुनाच्या डोक्यात असतो, फॉर्मच्या रकान्यात मावत नाही. ‘साहेब, हे यात बसत नाही,’ असे तो म्हणाला, तर त्याच्यावरही अडवणुकीचा शिक्का बसतो.

मग तोही गप्प होतो. खरी अडचण सांगणारा आणि टेबलाची सत्ता राखणारा, दोघांची चुप्पी सारखीच दिसते. नवी व्यवस्था आणणाऱ्याला त्यांतला फरक कळायचा असेल, तर आक्षेप घेण्याची मुभा आणि त्याला लेखी उत्तर, दोन्ही द्यावी लागतात. अडचण असलेला बोलेल. सत्ता राखणाऱ्याला निदान कारण शोधावे लागेल.

पहिल्या बैठकीत एकही हात वर झाला नाही, तर काम सोपे झाले असे मानू नये. वाटाघाटी सुरू झालेल्या असतात, फक्त आपल्याला वगळून.