दंतवैद्यकाचा व्यवसाय आणि अमानतीची जबाबदारी

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठीच, ज्याने मानवाला सुडौल रूप दिले, त्याच्या मुखात घास चावण्यासाठी दात आणि सत्य बोलण्यासाठी जीभ ठेवली. दरूद व सलाम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी मुखाच्या स्वच्छतेला नमाजाच्या तयारीत स्थान दिले आणि मिसवाकची सवय अखेरच्या आजारातही सोडली नाही.



दातांच्या डॉक्टरांविषयी धर्मशिक्षणाच्या मासिकात लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण इतकेच की, इस्लाममध्ये इबादत मस्जिदीच्या उंबरठ्यावर संपत नाही. जिथे एका माणसाचा हक्क दुसऱ्याच्या हाती येतो, तिथे दीनची आज्ञा सुरू होते.

आमच्या दारव्हा तालुक्यातील शेतकरी कापूस विकायला नेतो, तेव्हा काटा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. मापात लबाडी झाली तर निदान संशय घेण्याची संधी त्याला मिळते. पवित्र कुरआनात सूरह मुतफ्फिफीनचा आरंभच माप मारणाऱ्यांना दिलेल्या कठोर इशाऱ्याने झाला आहे. परंतु हाच शेतकरी दंततज्ज्ञाच्या खुर्चीत बसतो, तेव्हा तोंड त्याचे असते आणि आतले मात्र त्यालाच दिसत नाही. क्ष-किरण चित्र त्याच्यापुढे धरले तरी त्याला ते वाचता येत नाही. कीड वरवरची आहे की मुळाच्या नसेपर्यंत गेली आहे, दात राखता येईल की काढावा लागेल, रूट कॅनल व कॅप खरोखर हवी आहे की साधे सिमेंट भरून भागेल, हे सारे तो केवळ डॉक्टरांच्या शब्दावर मान्य करतो. येथे काटा म्हणजे डॉक्टरांचे अंतःकरण होय.

प्रेषितांनी (स.) शिकवले आहे की, ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. म्हणजे तज्ज्ञाजवळ येणारा रुग्ण प्रथम पैसा नव्हे, तर विश्वास ठेव म्हणून ठेवतो. सूरह निसाच्या 58 व्या आयतीत अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचत्या करण्याची आज्ञा आहे. रुग्णाला खरे निदान सांगणे हीच ती अमानत परत करणे होय.

आपल्या देशात दंतवैद्यकाचा कायदा 1948 साली झाला. दंतचिकित्सकांसाठी आचारसंहिता 1976 साली लागू झाली आणि 2014 साली ती सुधारून नव्याने आली. 2023 साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदाही संमत झाला. बी.डी.एस.च्या पाच वर्षांनंतर आणखी तीन वर्षे अभ्यास करून एम.डी.एस. झालेला डॉक्टर आपल्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवतो; अशा शाखा नऊ आहेत. त्याच्याही पुढे ‘इंडियन बोर्ड ऑफ ऑर्थोडॉन्टिक्स’सारखे मंडळ वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची स्वेच्छेची परीक्षा घेते. या परीक्षेत स्वतः केलेल्या उपचारांच्या नोंदी परीक्षकांपुढे मांडाव्या लागतात. श्रद्धावंताने येथे क्षणभर थांबावे. ज्या दिवशी प्रत्येकाच्या हाती त्याचा कर्मलेख दिला जाईल आणि त्यालाच तो वाचावयास सांगितले जाईल, त्या दिवसाची ही लहानशी आठवण आहे.

या आचारसंहितेतील प्रमुख बाबी आणि शरीअतची शिकवण यांची तुलना केली, तर दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात.

पहिली बाब पात्रतेची. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा झालेल्या हानीचा जबाबदार ठरतो, असा निर्णय प्रेषितांनी (स.) दिला आहे. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी ‘जादुल मआद’ या ग्रंथात याच आधारावर जाणकार व अजाण वैद्यांच्या जबाबदारीचे सविस्तर प्रकार सांगितले आहेत. तेव्हा कसलीही पदवी नसताना बाजाराच्या दिवशी दात बसवून देणारा तर दोषी आहेच. परंतु ज्या शाखेचे शिक्षण घेतले नाही त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणून फलक लावणारा पदवीधरही सत्याला सोडून वागतो. जे आपल्या कौशल्यापलीकडचे आहे, ते योग्य तज्ज्ञाकडे पाठवणे यात कमीपणा नाही.

दुसरी बाब निदानाची. कुर्तुबाचे थोर शल्यविशारद अबुल कासिम अज-जहरावी (936–1013) यांनी ‘अत-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथात दात काढण्याविषयी लिहिताना दोन गोष्टींवर भर दिला आहे. दात हे मोलाचे अंग आहे, म्हणून काढण्यापूर्वी राखण्याचा प्रयत्न करावा. आणि दुखरा दात कोणता याची खात्री करावी, कारण वेदना रुग्णाला फसवते व तो निरोगी दाताकडे बोट दाखवतो. हजार वर्षांपूर्वी यंत्र नव्हते, दिवा तेलाचा होता, तरी ही सावधगिरी होती. आज यंत्रे असताना घाई करण्यास कोणती सबब उरते?

तिसरी बाब संमतीची. सूरह निसाच्या 29 व्या आयतीत एकमेकांचे धन अयोग्य मार्गाने खाण्यास मनाई आहे आणि परस्परांच्या राजीखुशीने होणारा व्यवहार वैध ठरवला आहे. ज्याला काय होणार व किती खर्च येणार हेच ठाऊक नाही, त्याची राजीखुशी कसली? सर्वोच्च न्यायालयानेही 2008 साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले की, तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. रुग्ण तोंड उघडून बसला आहे, म्हणून त्याने सर्व गोष्टींना होकार दिला असे होत नाही.

चौथी बाब दलालीची. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे आचारसंहितेने निषिद्ध केले आहे. ते पैसे शेवटी रुग्णाच्याच खिशातून जातात आणि त्याला कळतही नाही. ओले धान्य ढिगाच्या तळाशी लपवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) बजावले होते की, फसवणारा आमच्यापैकी नाही. लपवलेले कमिशन हे त्याच ओल्या धान्यासारखे आहे.

आपल्या भागात या गोष्टी पुस्तकी नाहीत. यवतमाळ जिल्ह्याच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड अधिक आहे, त्यामुळे मुलामुलींच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. लग्नाच्या वयाच्या मुलीला घेऊन घाबरलेली आई येते. डाग सौम्य असतील, तर दात मजबूत आहेत, हा केवळ रंगाचा प्रश्न आहे, असे सांगणारा डॉक्टर त्या घरावर उपकार करतो. त्याच भीतीचे महागड्या उपचारात रूपांतर करणारा मात्र अमानत बुडवतो.

त्याहून गंभीर प्रश्न खर्ऱ्याचा आहे. सुपारी, तंबाखू व चुना घोटून बनणारा हा पदार्थ विदर्भात घरोघरी पोहोचला आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली, परंतु खर्रा चालूच राहिला. सुपारीमुळे गालाच्या आतील कातडी ताठर होते, तिखट लागले की आग होते, हळूहळू तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. असा रुग्ण दात साफ करून घ्यायला आला, तर केवळ दात साफ करून त्याला परत पाठवणे ही खियानत आहे. त्याला स्पष्ट सांगावे, चट्टा दिसला तर तुकडा तपासणीचा आग्रह धरावा, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा मार्ग दाखवावा, गरिबांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे हेही सांगावे. यात डॉक्टरांना कदाचित एक रुपयाही मिळणार नाही. पण येथेच अमानतीची परीक्षा होते.

आदरणीय जरीर बिन अब्दुल्लाह (र.) यांनी प्रेषितांच्या हाती प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा घेतली होती. त्यांच्या सेवकाने तीनशे दिरहमला एक घोडा ठरवला. जरीर (र.) यांनी घोडा पाहिला आणि विकणाऱ्यालाच सांगितले की, याची किंमत अधिक आहे. असे करत त्यांनी आठशे दिरहमपर्यंत किंमत स्वतः वाढवून दिली. समोरच्याला माहीत नाही, मला माहीत आहे; म्हणून लाभ त्याचा व्हावा, हा त्यांचा न्याय होता. आज ही नसीहत रुग्णाचा धर्म पाहून द्यायची नाही. खुर्चीत बसलेला प्रत्येक जण अल्लाहचा बंदा आहे.

रुग्णांचीही काही कर्तव्ये आहेत. खर्रा खाऊन ‘खात नाही’ म्हणणे, साखरेचा आजार लपवणे, ठरलेले शुल्क बुडवणे, खरे सांगणाऱ्या डॉक्टरला सोडून गोड बोलणाऱ्याकडे जाणे, हेही अन्यायच आहेत. ज्या आयतीत दुसऱ्याचे धन खाण्यास मनाई आहे, त्याच आयतीत स्वतःचा जीव घेण्यासही मनाई आहे. पहिला अर्धा भाग डॉक्टरांनी आणि दुसरा आपण सर्वांनी आठवावा. जुम्याच्या नमाजाला येताना गालात खर्रा धरणाऱ्या तरुणाने तर आजच त्याचा विचार करावा.

हे अल्लाह! आमच्या डॉक्टरांच्या हातांत शिफा, जिभेवर सत्य आणि कमाईत बरकत दे. आमच्या तरुणांना व्यसनातून सोडव. ज्याच्याजवळ जी अमानत आहे, ती तुझ्यासमोर उभे राहण्यापूर्वी अदा करण्याची सद्बुद्धी आम्हा सर्वांना दे. आमीन.