मधला शनिवार

आमच्या गावात कॅथलिकांची घरं सात. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तीन होती. देऊळ तालुक्याच्या गावाला, तिथून फादर महिन्यातून दोनदा मोटारसायकलवर येतात आणि आमच्या समाजमंदिरात मिस्सा होते. बाकीचे रविवार आम्ही एस.टी.नं तिकडं जातो, वावरात काम नसलं तर. मी दहावीपर्यंत शिकलो. धर्मशास्त्र मला सांगता येत नाही. पण वयाची साठी ओलांडली, इतके ईस्टर पाहिले, आणि एक प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, हे आम्ही दरवर्षी मोठ्यानं म्हणतो. बरं, म्हटलं. मग सोमवारी सकाळी काय करायचं?

हा प्रश्न मला २००८ साली पडला. त्या साली ईस्टर फार लवकर आला होता, २३ मार्चला. पऱ्हाटीची उलंगवाडी होऊन गेली होती, पळस फुलून झडायला लागला होता. २९ फेब्रुवारीला दिल्लीच्या बजेटमध्ये कर्जमाफी जाहीर झाली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याचं थकलेलं कर्ज माफ. त्याच्या वर जमीन असली तर पंचाहत्तर टक्के आधी भरा, मग पंचवीस टक्के सूट. ओलिताच्या मुलखात पाच एकरवाला सुखी माणूस असेल. आमच्या कोरडवाहू यवतमाळात सात एकरवाला पाच एकरवाल्यापेक्षा जास्त कर्जात असतो, कारण बी-बियाणं, खत, फवारा सगळंच सात एकराचं लागतं. माझं रान पावणेपाच एकर. मी बसलो माफीत. माझ्या धुरेकऱ्याचं सात. तो राहिला बाहेर.

त्याचं नाव लिहीत नाही, घरची माणसं आहेत. धुरेकरीच म्हणतो. त्याचं न माझं चार वर्षांपासून बोलणं बंद होतं. कारण काय, तर धुऱ्यावरचे दोन तास. तो म्हणे तू दगड सरकवला, मी म्हणे तू सरकवला. खरं सांगायचं तर माझ्या बापानं सरकवला होता, हे मला माहीत होतं.

९ मार्चचा रविवार. उपवासकाळातला पाचवा. त्या दिवशी वाचन लाजरसचं होतं. लाजरस मरून चार दिवस झालेले, गुहेवर धोंडा, बहिणी रडताहेत, आणि येशू त्याला हाक मारून बाहेर बोलावतो. फादर केरळचे, त्यांचं मराठी मोडकं, पण त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली ती कानात राहिली. म्हणाले, येशूनं मेलेल्याला उठवलं, ते देवाचं काम. पण धोंडा त्यानं स्वतः काढला नाही. जमलेल्या लोकांना काढायला सांगितला. लाजरस बाहेर आला तेव्हा त्याच्या हातापायाला कापडं गुंडाळलेली होती, तीही त्यानं लोकांनाच सोडायला लावली. जे माणसाला जमतं ते देवानं माणसावरच ठेवलं.

ऐकलं, मान हलवली, घरी आलो. संध्याकाळी फाटकाशी धुरेकरी उभा.

चार वर्षांनी आला होता. त्याला किती जड गेलं असेल ते आज कळतं. म्हणाला, "पाच हजार पाह्यजे होते. सोसायटीचं व्याज भरून देतो, म्हंजे पुढचं कर्ज तरी उभं राहीन. रामनवमीले वापस करतो." माझ्या पेटीत कापसाचे आठ हजार होते, बायकोच्या जुन्या लुगड्यात बांधून ठेवलेले. मी दारातच उभा होतो. त्याला बस म्हटलं नाही, पाण्याचं विचारलं नाही. म्हटलं, "हातात काई नाई बावा." तो बरं म्हणाला न गेला.

तेव्हा माझा उपवासकाळ चालू होता. राखेच्या बुधवारपासून तंबाखू सोडलेली, मटण सोडलेलं. तंबाखूचे वाचलेले पैसे रोज देवळाच्या डबीत टाकत होतो. त्या दिवशीही टाकले.

गुरुवारी १३ तारखेला तो गेला. आमच्या जिल्ह्यातले लोक कसा गेला ते विचारत नाहीत.

पुढं झावळ्यांचा रविवार झाला. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या साली बारांत माझं नाव होतं. मला नाही म्हणता आलं नाही. फादर खाली बसून माझ्या भेगाळलेल्या टाचांवर पाणी घालत होते आणि मला वाटत होतं, पाय ओढून घ्यावेत न पळून जावं. शुक्रवारी क्रुसाची वाट झाली. तीच होळी पौर्णिमा होती. गावात परतलो तर होळी पेटलेली. त्याच्या घरासमोर मात्र अंधार.

शनिवारी त्याचा दहावा.

आमच्याकडं लोक शुक्रवारचं बोलतात न रविवारचं बोलतात. मधल्या शनिवारचं कोणी बोलत नाही. आजी सांगायची, तिच्या तरुणपणी ईस्टरच्या रात्रीचा विधी शनिवारी सकाळीच उरकून टाकत. पुढं पोप पायस बारावे यांनी १९५५ साली नियम बदलला आणि तो पुन्हा रात्री ठेवला. आमचा अमरावती धर्मप्रांतही त्याच साली झाला. मला तेव्हा यात विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं, सकाळीच अल्लेलुया म्हणून मोकळं होण्याची घाई सगळ्यांनाच असते. ज्याच्या घरचं माणूस थडग्यात आहे त्याचा शनिवार उरकत नाही.

नदीवर गेलो. पिंड मांडले होते. धूळवडीचा दिवस, पण नदीवर कोणाच्या अंगाला रंग नव्हता. कावळा शिवेना. झाडावर दोन कावळे बसलेले, खाली येईनात. ऊन चढलं. म्हातारी माणसं म्हणाली, काही इच्छा राह्यली असंल. त्याचा भाऊ हात जोडून म्हणाला, "पोराले शिकवतो." कावळा हलला नाही. सासरा म्हणाला, "घरादाराचं पाहीन." नाही. मग एकेकाची नजर माझ्याकडं वळली. धुऱ्याचं सगळ्या गावाला माहीत होतं.

मी तिथं उभा राहून विचार करत होतो की मी कॅथलिक आहे, पिंडासमोर मी कसं बोलू? आमच्यात हे बसतं का? आणि लगेच दुसरा विचार आला, की पाच हजार नाहीत म्हणताना तू विचारलं होतंस का, की हे आमच्यात बसतं का? मी हात जोडले आणि म्हटलं, "धुऱ्याचे दोन तास तुहे. दगड मी काढतो. पोरीच्या शिक्षणाचं मी पाहतो. जाय आता."

थोड्या वेळानं कावळा शिवला. माझ्या बोलण्यानं शिवला असं मी म्हणत नाही. लोक मागं सरकले होते, भात समोर होता, कावळ्याला भूक असते. पण कावळा कशानं आला हा प्रश्नच नव्हता. मी पन्नास माणसांत बोललो होतो, आणि आता ते गिळता येणार नव्हतं.

दुपारी तालुक्याला गेलो, फादरांसमोर पापनिवेदन केलं. पेटीतल्या पैशांचं सांगितलं. फादरांनी विचारलं, "ते आता कुठे?" म्हटलं, "पेटीतच." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग पेटी उघड." मी आणखी एक विचारलं. जीव दिलेल्या माणसाचं काय होतं? लहानपणी ऐकलं होतं की अशांना देवळातून मातीही मिळत नाही. फादर म्हणाले, १९१७ च्या धर्मकायद्यात तसं होतं. १९८३ च्या कायद्यातून ते काढलं. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर स्पष्ट सांगितलंय की अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. मनावर ओझं असलं की माणसाचा दोष कमी होतो, आणि शेवटचं दार देवाला माहीत. धुरेकरी आमच्या धर्माचा नव्हता. पण मला ते ऐकून बरं वाटलं, आणि थोड्या वेळानं वाईटही वाटलं. देव त्याला क्षमा करील हे मी किती लवकर कबूल केलं. त्याला क्षमेची गरज मुळात का पडली, त्यात माझा वाटा किती, हे तसंच राहिलं.

रात्री देवळाबाहेर नवा अग्नी पेटवला. आतले दिवे मालवले. ते भारनियमनाचे दिवस, खेड्यातल्या माणसाला अंधाराचं काय कौतुक. फादरांनी पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवर २००८ हे आकडे कोरले आणि क्रुसावर पाच धुपाचे दाणे खोचले, पाच जखमांचे. एका ज्योतीवरून सगळ्यांनी आपापल्या मेणबत्त्या लावल्या. मग बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा घेतली. सैतानाचा त्याग करता का? करतो. विश्वास ठेवता का? ठेवतो. चाळीस वर्षं म्हणत आलो होतो, कधी जीभ अडखळली नाही. त्या रात्री अडखळली. त्याच दिवशी सकाळी एक वचन दिलं होतं, त्याला दोन तास जमीन आणि एका पोरीचं शिक्षण लागणार होतं. हे दुसरं वचन मी इतकी वर्षं फुकटात देत आलो होतो.

रविवारी सकाळी शिरा आणि लुगड्यात बांधलेले पाच हजार घेऊन त्याच्या घरी गेलो. ईस्टरला आम्ही शेजाऱ्यांकडं गोड देतो. दुखवट्याचं घर आहे हे लक्षात आलं तेव्हा दारात पोचलो होतो. शिरा मागं धरला, पैसे पुढं केले. म्हटलं, "वहिनी, हे ठेवा."

तिनं पैशाकडं पाहिलं. म्हणाली, "येऊन गेल्ते ते तुमच्याकडं, भाऊजी. घरी येऊन म्हने, त्याच्याबी हातात काई नाई बिचाऱ्याच्या."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता. मला बिचारा म्हणाला होता.

मी काही बोललो नाही. मी खोटं बोललो होतो हे सांगायला मला आणखी दोन वर्षं लागली. तिनं पैसे घेतले. तिला गरज होती. सरकारी मदतीच्या एक लाखाचं प्रकरण पुढं अपात्र ठरलं, कारण सातबारा अजून त्याच्या बापाच्या नावावर. कर्ज, सातबारा, तगादा, तिन्ही कागद जुळले पाहिजेत. मरणालाही पात्र-अपात्र असतं.

सोमवारी त्याच्या पोराला घेऊन धुऱ्यावर गेलो. दगड अर्धा जमिनीत रुतलेला. सब्बल लावली, दोघांनी मिळून लोटला, दोन तास माझ्या बाजूला आणून गाडला. पोरगं चौदा वर्षांचं, मला एक अक्षर बोललं नाही. फादरांचं लाजरसचं बोलणं तेव्हा आठवलं.

पुढं सात-आठ वर्षं त्यांच्या वावरात वखराच्या पाळ्या माझ्या बैलांनी दिल्या. पोरगी त्या मार्चमध्ये दहावीला बसली होती. बापाच्या दहाव्याच्या दरम्यान तिनं पेपर दिले आणि पास झाली. पुढं तिला नर्सिंगला घातलं. काही वर्षं फी भरताना माझ्या घरात भांडणं झाली. बायको म्हणायची, आपल्या पोरांचं काय? तिचं खोटं नव्हतं. एका वर्षी बोंडअळीनं खाल्लं आणि मी वचन मोडायच्या बेतात होतो. मोडलं नाही, पण आनंदानं पाळलं असंही नाही. आज ती पोरगी नोकरीला आहे.

तुम्ही म्हणाल, झालं, फेडलं तुम्ही. मीही बरीच वर्षं तसं म्हणून पाहिलं. पण फेडलं म्हणजे व्यवहार झाला आणि व्यवहारात मेलेला परत येत नाही. तो आला नाही. ज्या रामनवमीला तो पैसे परत करणार होता, ती दरवर्षी येते.

मग पुनरुत्थान कशाला म्हणायचं? मला इतकंच कळलंय की उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांच्या जखमा तशाच होत्या. थोमानं त्या पाहिल्या. देवाला त्या बुजवता आल्या नसत्या का? पण बुजवल्या नाहीत. म्हणजे शुक्रवारी झालेलं रविवारी पुसून जात नाही. ते सोबत घेऊनच उठायचं असतं. माझ्या खोट्या बोलण्याची जखम माझ्याही अंगावर नाही, ती दुसऱ्याच्या घरावर आहे. तिच्याकडं पाहत राहणं आणि तरी दुसऱ्या दिवशी सब्बल घेऊन निघणं, यालाच मी माझ्यापुरता ईस्टर म्हणतो. याहून मोठा असेल. फादर सांगतात की आहे, आणि माझा विश्वास आहे. पण धोंडा काढायचं काम माझ्या वाट्याचं.

१९ मार्च हा आमच्या संत जोसेफचा सण. त्याच तारखेला १९८६ साली आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको-लेकरांसह जीवन संपवलं. २०१७ पासून त्या दिवशी शेतकऱ्यांची पोरं अन्नत्याग करतात. मीही करतो. आमच्यातल्या एकानं विचारलं, सणाच्या दिवशी उपास कसा? मी म्हटलं, जोसेफही कष्टकरी बाप होता, त्याला कळंल.

तंबाखू मी उपवासकाळात अजून सोडतो. पण त्याचं आता मला फार वाटत नाही. संध्याकाळी फाटकाशी कोणी येऊन उभा राहिला, की आधी बस म्हणतो. पाणी देतो. मग विचारतो, काय म्हणतोस.