राघूची पिसे आणि सोबत्याची चोच





गेल्या ज्येष्ठ महिन्यात जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे लोकांच्या तोंडच्या एमआयडीसीत, कीर्तनसेवेचा योग आला. जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध, तसेच लोखंडी सळईसाठीही. येथे भंगार भट्टीत वितळवितात, त्याचे ठोकळे ओततात आणि ते तापवून लाटले की सळई होते. भट्ट्या रात्रीही चालतात. अशा ठिकाणी टाळ-मृदंगाचा नाद घुमला, पाळी संपवून आलेली माणसे घामाच्या अंगाने येऊन बसली, धन्य वाटले.

कीर्तन संपले. एक भट्टीकामगार पायाशी आला आणि म्हणाला, "महाराज, दोन मिनिटं खोलीवर येता का? राघूला कायतरी झालंय."

पत्र्याची एकच खोली. बायको-मुले गावी, हा येथे एकटा. देव्हाऱ्याशेजारी पिंजरा टांगलेला. नाम कानी पडावे हा हेतू. पिंजऱ्यात कंठ असलेला, थोराड नर राघू. खाली हिरव्या पिसांचा सडा आणि डोक्यावर पांढुरके, सुईसारखे काटे उभे. त्या माणसाने वाटीत खोबरेल कोमट करून ठेवले होते. म्हणाला, "बोलत नाही, हात लावला की चावतो. शेजारी म्हणतात, ते काटे उपटा अन् तेल चोळा, म्हणजे मोकळा होईल." असे म्हणून त्याने हात आत घातलाही.

मी तो हात धरला. का धरला, ते सांगतो.

पन्नास वर्षांपूर्वी मी पाठशाळेत व्याकरण घोकीत होतो. गुरुजींच्या पडवीत एक राघू होता. तोही असाच काट्यांनी भरला. मला दया आली, आणि दयेच्या भरात मी त्याच्या पंखातील एक जाडसा कोंब उपटला. रक्ताची धार लागली! गुरुजी धावत आले, कणकेची चिमूट जखमेवर दाबून धरली, तेव्हा कुठे रक्त थांबले. ते मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "उघडायची वेळ त्याची असते रे, आपली नव्हे."

सज्जनहो, यातील मर्म पाहा. पीस हे आपल्या नखा-केसांच्याच जातीच्या द्रव्याचे असते. झिजले की ते आपोआप गळते आणि त्याच जागी नवे उगवते. राघूचा हा पिसबदल बहुधा विणीचा हंगाम सरल्यावर होतो आणि काही आठवडे, कधी काही महिनेही चालतो. त्यातही भगवंताची योजना कशी! पंखातील पिसे एकदम गळत नाहीत; दोन्ही बाजूंची जोडीजोडीने, क्रमाने गळतात, म्हणजे उडणे अडत नाही. नवे पीस पातळ वेष्टणात गुंडाळून वर येते, आणि वाढत असता त्याच्या देठात रक्त वाहत असते. तो काटा नव्हे, तो जिवंत कोंब होय. वाढ पुरी झाली की रक्त ओसरते, वेष्टण सुकून कोंड्यासारखे गळते आणि पीस उलगडते. तोवर अंगाला खाज, अशक्तपणा, चिडचिड ही असायचीच. आपल्याला ताप आला म्हणजे आपण तरी कुठे गोड बोलतो?

मग करावे काय? मी त्या गृहस्थास सांगितले तेच येथे सांगतो. तेल लावू नये; तेलाने पिसे चिकटतात आणि अंगाची ऊब जाते. दुपारच्या उन्हाच्या वेळी कोमट पाण्याचा बारीक फवारा अंगावर उडवावा, किंवा पसरट ताटलीत पाणी ठेवावे. तो आपला आपण न्हाईल. त्याने वेष्टण मऊ होते. नवे पीस घडायला अंगात कस लागतो, म्हणून नुसते सूर्यफुलाचे बी न देता भिजविलेले हरभरे, मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला, गाजर, पपई द्यावी. चहात बुडविलेले बिस्किट ही माया नव्हे. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्यावी. वसाहतीच्या दिव्यांचा उजेड पिंजऱ्यावर येत असेल तर हवा खेळेल असे कापड टाकावे. आणि पिंजरा देव्हाऱ्यापासून दूर न्यावा! उदबत्ती-धुपाचा धूर पक्ष्याच्या छातीला सोसत नाही. नाम दुरूनही ऐकू येते. कातडी उघडी पडली, रक्त आले, अन्न सोडून अंग फुगवून बसला, तर मात्र तो निव्वळ पिसबदल नव्हे. तडक जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

आता डोक्यावरचे कोंब. अंगावरचे कोंब राघू स्वतःच्या चोचीने हळूहळू उकलतो. पण स्वतःची चोच स्वतःच्या डोक्याला पोहोचेल कशी? तो नखाने खाजवितो, दांड्यावर डोके घासतो. नाजूक काम मात्र राहून जाते. जोडीत राहणारा राघू मान वाकवून सोबत्यापुढे डोके करतो, आणि सोबती चोचीच्या टोकाने, न ओढता, सुकलेले तेवढेच वेष्टण उकलतो. सत्संग म्हणजे आणखी काय हो? आपल्याही डोक्यावर अहंतेचे कोंब असेच उभे असतात. स्वतःची बुद्धी तेथे पोहोचत नाही. संतांची चोच लागते. आणि आम्ही कीर्तनकार काय करतो? व्यासपीठावरून उपटायला जातो! "आजच सोड, आत्ताच टाक" असे खडसावतो. पिकले नसता ओढले की रक्तच येणार. हा दोष माझा मी जाणतो.

असो. उपाय सांगून झाले, पण एक गोष्ट राहिली होती, आणि ती सांगणे जिवावर आले. मी विचारले, "राघू आणला कुठून?" म्हणाला, "बाजारात एकानं विकला, महाराज. पिल्लू होतं." मी म्हटले, "बाबा, वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा आहे. त्याप्रमाणे आपला देशी राघू पकडता येत नाही, विकता येत नाही, घरी ठेवताही येत नाही. आणि कायदा बाजूला ठेव. याच्या डोक्यावरचे कोंब उकलायला याची जात हवी. तुझे माझे बोट पुरणार नाही."

तो पिंजऱ्याच्या दाराकडे बघू लागला. मी म्हटले, "तसेही नको. दार उघडून 'जा' म्हणणे हे पुण्य नव्हे. पिल्लापासून पिंजऱ्यात वाढलेला, त्यात पिसे गळालेला. मांजर नाही तर कावळा याला संध्याकाळपर्यंत ठेवणार नाही. वनविभागाच्या हवाली कर. ते तपासतील आणि सोडण्याजोगा असेल तर रीतीने सोडतील."

बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "रात्रपाळी करून आलो की हाच एक बोलतो माझ्याशी. हा गेल्यावर मला कोण, महाराज?"

श्रोतेहो, चाळीस वर्षे कीर्तने केली, पण या प्रश्नाला मजजवळ तयार उत्तर नव्हते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी नळीवरच्या राघूचा दृष्टांत दिला आहे. अंगभाराने नळी फिरते, भ्यालेला राघू तीच घट्ट धरतो आणि आपण बांधलो गेलो असे समजतो. हा दृष्टांत मी शेकडो वेळा रंगवून सांगितला असेल. त्या खोलीत तो ओठावर येईना. एकट्या माणसाला 'सोड' म्हणणे सोपे. त्याच्यासाठी दुसरा हात पुढे करणे कठीण. मी बाहेर जाऊन टाळकऱ्यांना बोलावले. त्यांतील दोघे त्याच्याच पाळीचे निघाले! वर्षभर एका भट्टीवर उभे, पण गावाचे नावही एकमेकांना ठाऊक नव्हते. ते त्याच रात्री त्याच्या खोलीत हरिपाठाला बसले. त्याला कोणी काही उपदेश केला नाही.

श्रावणात पुन्हा जालन्यास जाणे झाले. पिंजरा नव्हता. नवी पिसे भरेपर्यंत पंधरवडाभर सेवा करून, त्या दोघांना बरोबर घेऊन, तो स्वतः राघू देऊन आला होता. पत्र्यावर पाण्याचे मातीचे भांडे ठेवले होते. मी विचारले, "करमते का?" डोळे पुसून म्हणाला, "नाही करमत. पण सांजच्याला ही माणसं येतात."

तात्पर्य, दुसऱ्याची पिसे झडत असता उपटायला जाऊ नये आणि त्याला एकटेही सोडू नये. आपल्या शेजारी असा कोणी आहे का, एवढे या महिन्यात पाहावे.

राम कृष्ण हरि.