आधी अभय, मग चौकशी

॥ श्रीराम ॥

आजचं चिंतन : वाल्मीकी रामायण, युद्धकांड. बिभीषण शरण येतो तो भाग.

काल आपण रावणाच्या सभेपर्यंत आलो होतो. सीतामाईला परत पाठव म्हणून सांगणाऱ्या बिभीषणाचा भर सभेत अपमान झाला. आज तो लंका सोडून निघतो. सोबत चार राक्षस. समुद्र ओलांडून अलीकडच्या तीरावर येतो आणि खाली न उतरता आकाशातच थांबून आपली ओळख सांगतो. मी रावणाचा धाकटा भाऊ, बायको-पोरं मागं टाकून आलोय, रामाला कळवा. लपवाछपवी काही नाही. शत्रूचा भाऊ आहे हे तो पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो.

पुढं रामाच्या तळावर चर्चा होते, ती मंडळी, सावकाश वाचा. हजारो वर्षांपूर्वीची वाटत नाही. आज कुठल्याही देशाच्या संसदेत निर्वासितांवर चर्चा चालते तेव्हा हीच पात्रं बोलत असतात.

सुग्रीव म्हणतो, हा हेर आहे, मारून टाका. अंगद म्हणतो, आधी पारखून घ्या. शरभ सुचवतो, याच्यामागं गुप्तहेर लावा. जांबवंताला वेळ आणि जागा दोन्ही संशयास्पद वाटतात. ऐन युद्धाच्या तोंडावर शत्रूच्या घरातला माणूस इथं कसा? मैंद म्हणतो, गोडीनं प्रश्न विचारून मनातलं काढून घेऊ. हनुमंत मात्र वेगळं बोलतो. एकाएकी परीक्षा घेऊन माणूस कळत नसतो, आणि समोर उभा आहे त्याच्यावर हेर कशाला लावायचा? याचा चेहरा आणि बोलणं स्वच्छ आहे, मला तो खोटा वाटत नाही.

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर राम आपलं मत सांगतात. जो एकदा शरण आला त्याला मी अभय देतो, हे माझं व्रत आहे. हा बिभीषण असो नाहीतर खुद्द रावण असो, घेऊन या त्याला.

हे वाचताना आपलं सगळं लक्ष रामाच्या मोठेपणाकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. पण आज मला सुग्रीवाजवळ थांबायचंय.

सुग्रीव कोण? कालपरवापर्यंत तो स्वतःच परागंदा होता. भावानं, वालीनं, राज्यातून हाकललेला, बायको हिरावलेली, ऋष्यमूक पर्वतावर जीव मुठीत धरून राहणारा. राम-लक्ष्मण पहिल्यांदा दिसले तेव्हा हे वालीचेच हेर असतील म्हणून थरथरला होता, हनुमंताला वेष पालटून चौकशीला पाठवलं होतं त्यानं. ज्याला आसरा मिळाला तोच आता म्हणतोय, याला आसरा देऊ नका. वर त्याचं कारण काय, तर जो संकटात भावाला सोडून आला तो उद्या कुणालाही सोडेल. हे सुग्रीवानं म्हणावं!

सुग्रीव वाईट नाही. तो रामाच्या काळजीपोटी बोलतोय. पण स्वतः पळालेल्या माणसाला दुसऱ्याचं पळणं ओळखू येतंच असं नाही, हे रामायण इथं सांगून जातं. आणि याची साक्ष काढायला आपल्याला लंकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्या जाफराबादेतच ती आहे.

आपलं गाव केळना आणि पूर्णेच्या संगमावर. गावातून थोडं पुढं गेलं की बुलढाणा जिल्हा लागतो, म्हणजे वऱ्हाड. आज ही हद्द ओलांडल्याचं कळतही नाही. आपले निम्मे सोयरे चिखलीकडचे, देऊळगावराजाकडचे. पण १९४७-४८ साली हीच हद्द दोन राज्यांमधली होती. इकडं निजामाचं हैदराबाद संस्थान, तिकडं स्वतंत्र भारतातला मध्य प्रांत आणि वऱ्हाड. गंमत बघा, वऱ्हाड मुळात निजामाचंच. १८५३ साली त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला म्हणून मधे रेघ आली. पुढं त्याच रेघेनं ठरवलं की कोण सुरक्षित आणि कोण नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, मराठवाडा नाही झाला. कासीम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ वाढला तशी मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं रातोरात हद्दीपलीकडे गेली. कुणी वऱ्हाडात, कुणी नगर-सोलापूरकडे. जुनी माणसं अजून ‘रझाकारीत’ म्हणून सांगतात तो हा काळ. हे आपण दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनात ऐकतो.

पण त्याच काळात उलट्या दिशेनंही माणसं चालत होती, हे झेंडावंदनात सांगत नाहीत. फाळणीच्या दंगलींना घाबरून मध्य प्रांत-वऱ्हाडातली आणि इतर भागांतली अनेक मुसलमान कुटुंबं निजामाच्या राज्यात आसऱ्याला आली होती. इकडचे भ्यालेले तिकडे जात होते आणि तिकडचे भ्यालेले इकडे येत होते. भीती एकच, फक्त तोंडं वेगळ्या दिशांना.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आपल्याकडे याला पोलीस ॲक्शन म्हणतात. त्यानंतर काही भागांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वात जास्त झळ पोचल्याचं समितीनं लिहिलं आणि एकूण मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नव्हता. आणि जे बाहेरून आसऱ्याला आले होते, त्यांना नंतर परके ठरवून ‘आपापल्या प्रांतात परत जा’ म्हणून सांगण्यात आलं.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती मला या विषयात सगळ्यात मोठी वाटते. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासूनच वाचवलं, आणि त्यात स्वतःचे जीवही गमावले. रामाचं व्रत त्या दिवशी त्या विणकरांनी पाळलं असं मी म्हणेन.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आसरा देणं हे पुण्य की कर्तव्य?

रझाकारीत वऱ्हाडातल्या लोकांनी मराठवाड्यातल्या सोयऱ्यांना घरात घेतलं, ते चांगलंच केलं. पण आपल्या माणसाला घरात घेणं याला आपल्याकडे शरणागताचं रक्षण म्हणत नाहीत, त्याला नातं निभावणं म्हणतात. ते नाही केलं तर लोक नावं ठेवतात. शरणागतीचा धर्म सुरू होतो तो दारात उभा असलेला माणूस आपला नसतो तिथून. म्हणून तर राम याच प्रसंगात कपोताची गोष्ट सांगतात. ज्या पारध्यानं कबुतराच्या मादीला धरलं, तोच पारधी त्या झाडाखाली आसऱ्याला आला, आणि कबुतरानं आपल्या देहाचं मांस देऊन त्याचं आतिथ्य केलं. एक पक्षी शत्रूसाठी एवढं करतो, मग माझ्यासारख्यानं काय करावं, असा रामाचा सवाल आहे. पुढं ते कंडू ऋषींचा दाखला देतात. ताकद असून शरणागताला वाचवलं नाही आणि तो डोळ्यांदेखत मेला, तर वाचवू शकणाऱ्याचं पुण्य तो घेऊन जातो. म्हणजे हे ऐच्छिक दान नाही. न दिल्यास पाप लागतं असं हे देणं आहे.

महाराष्ट्रानं हे केलेलं आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे इथं १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे सुमारे ५ हजार निर्वासित राहिले. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. रशियानं पोलंडचा पूर्व भाग घेतला तेव्हा सैबेरियात हाकललेली ही माणसं इराणमार्गे इथवर आली. भाषा वेगळी, धर्म वेगळा, रंग वेगळा. आणि काळ कोणता? महायुद्धाचा, धान्यटंचाईचा.

पण ‘करावं’ म्हणणं सोपं आहे. सुग्रीवाचा प्रश्न खोडून काढल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. समजा खरोखरच हेर निघाला तर?

माझं काम सॉफ्टवेअरचं, तिथं हा प्रश्न रोज असतो. पैशाचा व्यवहार खरा की लबाडीचा, हे ठरवणारी कुठलीही यंत्रणा बिनचूक नसते. चाळणी बारीक केली की लबाडाबरोबर खरा माणूसही अडकतो. सैल केली की खऱ्याबरोबर लबाडही सुटतो. शून्य चूक हा पर्यायच नसतो. आपल्याला फक्त एवढंच ठरवता येतं की चुकायचंच असेल तर कुठल्या बाजूला चुकायचं. व्यवहार अडला तर माणूस चिडतो, उद्या पुन्हा करतो. पण जिवावर बेतलेल्या माणसाला दारातून परत पाठवलं, तर ती चूक दुरुस्त करायला तो परत येत नाही. रामानं ही बाजू निवडली. आत घेऊन फसलो तरी हा माझं काय वाकडं करेल, असं ते सुग्रीवाला विचारतात. धोका नाही असं ते म्हणत नाहीत, धोका पेलायची माझी तयारी आहे असं म्हणतात.

आणि चौकशी? ती होते की. पण क्रम बघा. आधी अभय, मग रावणाच्या बळाबद्दल विचारपूस. आपल्याकडे, जगभरातही, हा क्रम उलटा झालाय. चौकशी वर्षानुवर्षं चालते आणि माणूस तोवर छावणीत, नाहीतर कुंपणाबाहेर. चौकशी गरजेचीच आहे, पण ती नकाराचं दुसरं नाव होता कामा नये.

दुसरा आक्षेप असतो की हे काही जिवाच्या भीतीनं आलेले नाहीत, पोटासाठी आलेत. यावर हनुमंताचं बोलणं मला फार प्रामाणिक वाटतं. तो म्हणतो, वालीचा वध आणि सुग्रीवाचा राज्याभिषेक ऐकून हा राज्याच्या आशेनं आला असेल. म्हणजे बिभीषणाचा हेतू शंभर टक्के शुद्ध आहे असा दावा कुणीच करत नाही. भीती आणि आशा माणसाच्या मनात वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात. रामांना ते माहीत आहे आणि तरी ते समुद्राचं पाणी आणवून तिथंच त्याला अभिषेक करतात.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा. आपल्यालाच पुरत नाही. टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्याला कुणी उदारपणा शिकवायला जाऊ नये. पण रामाकडे त्या दिवशी काय होतं? राज्य नाही, घर नाही, पत्नी शत्रूच्या ताब्यात, समोर समुद्र. ते स्वतःच वनवासी होते. आसरा द्यायला भरलेलं कोठार लागतं असं रामायण कुठं सांगत नाही.

तरीही माणसाचा धर्म आणि राज्याचा कारभार एकच नाही, हे मान्य करायला हवं. किती जण सामावता येतील, कुठं, कशा रीतीनं, हे राज्यानं ठरवावं. त्याला मर्यादा असणारच, आणि येणाऱ्यानंही इथले कायदे पाळले पाहिजेत. पण एक रेघ त्या मर्यादेच्याही खाली आहे. जिथं जीव जाईल तिथं माणसाला परत ढकलायचं नाही. १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा गाभा हाच. भारतानं त्यावर सही केलेली नाही. पण आपल्या घटनेचं २१वं कलम जीविताचं रक्षण देताना ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतं. १९९६ साली चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण राज्यानं करायचंय. कंडू ऋषी आणि घटना इथं एकाच जागी येतात, असं मला वाटतं.

एक शेवटचं. बिभीषणाला आणायला राम कुणाला सांगतात? सुग्रीवालाच. ज्याचा विरोध होता त्याच्याच हातून ते दार उघडून घेतात. त्याला गप्प बसवत नाहीत, त्याचं ऐकतात, समजावतात आणि मग त्यालाच पुढं करतात. भ्यालेल्या यजमानाला हिणवून दार उघडत नसतं.

आजच्यासाठी एवढं करू या. घरात कुणी वडीलधारं असेल तर विचारा, रझाकारीत आपली माणसं कुठं गेली होती, कुणाच्या ओसरीवर झोपली होती. किंवा कोण आपल्या ओसरीवर आलं होतं. उत्तर मिळालं की मग बातम्या लावा, आणि ‘हे बाहेरचे’ असं तोंडात आलं तर क्षणभर सुग्रीव आठवा.

हे रामा, आम्हाला दार उघडण्याची बुद्धी दे, आणि उघडताना लागणारं धैर्यही तूच दे.

उद्या : शुक नावाचा रावणाचा दूत.

राम कृष्ण हरी 🙏