एक तराजू, दोन शहरे

भारत आणि पाकिस्तान यांची तुलना रस्ते, पाणी, इमारती यांच्यापासून सुरू होते आणि बघता बघता निष्ठेवर येऊन थांबते. 'तिकडे' अमुक एक गोष्ट चांगली आहे असे इतर कोणी म्हटले, तर तो फार तर भोळा ठरतो. तेच वाक्य मुसलमानाने उच्चारले, की त्याच्या मनाचा पंचनामा सुरू होतो. त्यामुळे आमच्यातील अनेकांनी सोपी वाट धरली आहे: विषय निघाला, की तिकडच्या शहरांना चार नावे ठेवायची आणि मोकळे व्हायचे. प्रश्न असा, की भीतीपोटी केलेल्या अशा तुलनेला न्याय म्हणता येईल का?

मुंबई आणि कराची ही दोन शहरे घेऊ. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराचीतील एका जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. बार्टल फ्रिअर आधी सिंधचा कमिशनर होता, पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या नावाचा हॉल कराचीत १८६५ मध्ये उभा राहिला, आणि त्याच सुमारास त्याच्याच कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले. मुंबईने १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट बांधले, कराचीने १८८९ मध्ये एम्प्रेस मार्केट. इथे मालाडचा पिवळा दगड, तिथे गिझरीचा. एकाच सरकारी दप्तरातून निघालेल्या या दोन बहिणी.

निसर्गाने मात्र त्यांना निरनिराळे वाढवले. मुंबई काळ्या कातळाच्या बेटांवर वसली. तिच्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कराची वाळवंटाच्या कडेला आहे. तिच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्साही क्वचितच येतो. आता मुंबईची हिरवाई ही आमची कमाई नव्हे आणि कराचीचा रखरखाट हा तिथल्या लोकांचा गुन्हा नव्हे. नैतिक तुलना करायची तर माणसाच्या करणीची करावी लागेल.

ती केली तर काय दिसते? मुंबईने मिठी नदीचा नाला केला, कराचीने ल्यारीचा केला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. ऑगस्ट २०२० मध्ये कराची बुडाली. दोन्हीकडे आधी बुडाल्या त्या गरिबांच्या वस्त्या. कराचीच्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये काम सुरू केले. गल्लीगल्लीतील रहिवाशांनी आपसांत पैसे जमवून, स्वतः राबून सांडपाण्याच्या नळ्या टाकल्या. आमच्या झोपडपट्ट्यांनी यातून काही शिकावे, असे म्हणण्यात कोणता देशद्रोह आहे?

पण तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. फाळणीपूर्वी कराचीच्या लोकसंख्येत सुमारे निम्मे हिंदू होते. आज ते मूठभर उरले आहेत. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत आम्ही आमच्या जागेचा, आमच्या सुरक्षिततेचा हक्क मागतो. तो हक्क खरा असेल, तर कराची सोडून गेलेल्यांचे दुःखही आम्ही तितक्याच मोठ्याने सांगितले पाहिजे. तिथे मुसलमान बहुसंख्य आहेत म्हणून त्या प्रश्नावर मौन पाळणे ही निष्ठा नव्हे, पक्षपात आहे.

कोणी म्हणेल, २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर कराचीहूनच समुद्रमार्गे आले, त्या शहराला कसला न्याय द्यायचा? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मुंबईत त्या वेळी मेलेल्यांत मुसलमानही होते. अपराध्यांना आणि त्यांना पोसणाऱ्या यंत्रणेला शिक्षा झालीच पाहिजे. पण यंत्रणा म्हणजे शहर नव्हे. समुद्रात हद्द ओलांडली म्हणून पकडले गेलेले पालघर-गुजरातचे मच्छीमार कराचीच्या तुरुंगात दिवस काढतात, आणि तिकडचे मच्छीमार आपल्या तुरुंगात. मे २०२५ च्या संघर्षात आपल्याकडील काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे रात्रभर सांगितले. ते खोटे निघाले. तिकडच्या वाहिन्यांनीही खोटे विजय साजरे केले. मुंबईसारखेच पोटापाण्यासाठी झगडणारे, कोट्यवधींचे एक शहर बेचिराख झाल्याचा आनंद माणसांना होऊ शकतो, ही गोष्ट बातमी खोटी ठरल्यानंतरही उरतेच.

कुरआनातील एका सूरहचे नावच मापात पाप करणाऱ्यांवरून पडले आहे. स्वतः घेताना माप भरून घ्यायचे आणि दुसऱ्याला देताना कमी द्यायचे, हा तो दोष. तो केवळ वाण्याच्या दुकानात घडतो असे समजू नये. एखाद्या समूहाविषयीचे वैर न्यायाच्या आड येता कामा नये, अशी ताकीदही सूरह माइदामध्ये आहे. ती पाळणे मित्राच्या बाबतीत सोपे असते. कसोटी लागते ती वैऱ्याच्या शहराविषयी बोलताना.

मुंबई आमची आहे. इथल्या मातीत आमचे वाडवडील पुरले आहेत, इथल्या भाषेत आम्ही लिहितो. हे सिद्ध करण्यासाठी कराचीला शिव्या देण्याची आम्हाला गरज नाही. जे प्रेम दुसऱ्याच्या बदनामीवाचून उभे राहू शकत नाही, ते प्रेम नसून भीती असते. भ्यायलेल्या माणसाच्या हाती तराजू दिला, की त्याचा काटा कधी सरळ राहत नाही.