कॅमेऱ्याच्या टप्प्यापलीकडे

ग्वाल्हेरच्या ‘खासगी बाजार’ भागातून निघून आग्रा-मुंबई महामार्गाला लागलेल्या चालकाने खेड्यातल्या निर्मनुष्य चौकात लाल दिव्यापाशी का थांबावे? मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार दिला. बिनतारी जोडलेला कॅमेरा गाडीचा क्रमांक दूरच्या नियंत्रण कक्षाला कळवू शकतो. दंडाच्या भीतीने का होईना, जीव वाचला की पुरे, हेतू कशाला तपासायचा, असा आक्षेप येईल. तो वजनदार आहे, आणि म्हणूनच यंत्र हवे. पण भीती रेंजपुरतीच टिकते. वळणाआडून येणारा सायकलस्वार रेंजबाहेरही असतो. थांबणे हे आपण त्याचे लागत असलेले देणे आहे. गीतेतला निष्काम कर्माचा विचार मला इथे कामाचा वाटतो: दंड टळावा म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून थांबायचे. या देखरेखीसाठीच्या २०२१च्या नियमांनी कॅमेऱ्याआधी ठळक सूचनाफलक बंधनकारक केला. ही तरतूद दंडाहून मोलाची, कारण ती चालकाच्या विवेकाला आधी हाक मारते.